आईच्या कानावर पडलेली मीटिंग

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारपासून मन लागत नाही, म्हणून लिहिते.

एमबीएनंतर मी परदेशातच नोकरी केली. सध्या दुबईच्या एका कंपनीत मोठ्या पदावर आहे. 'नफ्याआधी माणूस' हे आमचं ब्रीद, आणि त्यावर भाषणं मीच देते. सुट्टीत सिहोऱ्याला घरी आले आहे. आज इथूनच व्हिडिओ कॉलवर नैरोबीच्या लोकांना सांगितलं, की तुमचं ऑफिस बंद होतंय. लिहून ठेवलेलं गोड भाषण वाचलं, 'आपण सगळे एक फॅमिली' वगैरे. ग्रेस नावाची मुलगी रडायला लागली. मी वाचतच राहिले.

कॉल संपला. आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिला इंग्रजी कळत नाही.

"ते पोरगी काहून रडून राहिली होती?"

"तिले कामावरून काढलं, आई."

"कोनं काढलं?"

"कंपनीनं." 'मी' म्हणायला जीभ रेटली नाही.

"मंग तू फॅमिली, फॅमिली कायले म्हनत होती?"

मी मान खाली घालून आत गेले.

संध्याकाळी ग्रेसला फोन लावला, हातात कागद न घेता. तिने उचलला नाही. उद्या पुन्हा लावेन. पण तिने उचललाच, तर पहिलं वाक्य काय बोलावं? तुम्ही काय बोलला असता?