आत्याचा ओठ

मालवणच्या किनाऱ्यावर भक्ती मासळीचा लिलाव पुकारते. ती बांगड्याची टोपली पुकारू लागली की लांब होडीतल्या माणसालाही वाटतं, शिव्या आपल्यालाच पडतायत. अशा या तोंडाला दुखणंही तोंडाचंच. ऊन तापलं, दोन रात्री झोप झाली नाही, की ओठाच्या कोपऱ्यात पाण्याच्या फोडांचा घोस यायचा. आठ-दहा दिवस ठणका, मग खपली.

"पाल मुतली," आई सावित्री सांगायची, जणू तिने पालीला रंगेहाथ पकडलं होतं.

"आये, एवढा घर आसा मुताक, माजोच ओठ गावता काय गो तिका?"

तरी भक्ती चुना लावायची. एकदा टूथपेस्टही लावली. फोड होता तिथेच राहिला, वर ओठ भाजला.

गेल्या वर्षी कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी पालीची निर्दोष मुक्तता केली. "हा हर्पीसचा विषाणू. नसेत दडून बसतो, ऊन, ताप, जागरण मिळालं की वर येतो. पुष्कळांना असतो, लाजू नका. फोड यायच्या आधी काय होतं?"

"चुरचुरता. मुंगये चावल्यासारख्या."

"तीच वेळ. चुरचुरलं की लगेच ही गोळी सुरू करायची, फोडाची वाट बघायची नाही. हात लावू नका, लागला तर साबणाने धुवा. टॉवेल, कप वेगळा. उन्हात ओठ झाका. आणि कुणाचे मुके घेऊ नका. तान्ह्या बाळाजवळ तर तोंडही नेऊ नका, त्याच्या जिवावर बेतू शकतं."

"माका मुको देता कोण?" म्हणत भक्तीने गोळ्या कमरेच्या पिशवीत कोंबल्या.

यंदा तिचा भाऊ सुशांत याला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या एकच. नावही भक्तीनेच निवडलं होतं. अकरा वर्षं ती या एका 'कुर्र'साठी थांबली होती.

बारशाला दोन दिवस असताना, ऐन लिलावात, ओठ चुरचुरला. पापलेटाची टोपली तशीच अधांतरी ठेवून तिने गोळी गिळली. गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघत राहिली. घरी येऊन तिने कप-टॉवेल वेगळा केला, ओठाला बोट लावलं नाही, आठ वाजताच आडवी झाली. सावित्रीला वाटलं, पोर आजारी पडली.

गोळीने काम चोख केलं. जिथे दहा यायचे तिथे दोनच फोड आले, तेही बारके. लाल लिपस्टिक लावली तर पालीलाही पत्ता लागला नसता. बारशाच्या सकाळी भक्तीने लावूनही बघितली. मस्त दिसत होती. आरशासमोर तिने स्वतःला अशी एक शिवी घातली जी पुस्तकात छापता येत नाही. मग कागदाने ओठ टिपला, हात धुतले, मास्क चढवला.

"मी कानात सांगूचंय नाय," ती सुशांतच्या दारातूनच म्हणाली.

"अकरा वर्सां डोक्या खाल्लंस," सावित्री उसळली, "आणि आता पालीक भियालंस?"

"वन्स, मास्क आसा मा? येवा भितर," बाळाची आई नम्रता म्हणाली.

"नको गो. ह्या माझ्याकडसून तुझ्या चेडवाक नको."

सुशांतने तोडगा काढला, भक्तीने घरापुढच्या खळ्यातून फोन करायचा आणि तो बाळाच्या कानाशी धरायचा. पण त्या घरात रेंज कुणाला मिळाली आहे! तीन वेळा फोन लागला, तीन वेळा तुटला. पाळण्याभोवती बायका गुदगुल्या झाल्यासारख्या हसू लागल्या.

भक्तीने फोन पिशवीत टाकला. खळ्याच्या मधोमध उभी राहिली आणि छाती भरून घेतली.

"कुर्रर्र! सृष्टीऽऽऽ! सृष्टीऽऽऽ!"

माडावरचे कावळे उडाले. शेजारच्या गंगारामने हातातली कोयती टाकली. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत पाळायला बायका खळ्यात धावल्या. आणि पाळण्यातून, त्याच पट्टीत, उत्तर आलं. बाळाने घर डोक्यावर घेतलं.

सावित्री ओटीवर आली.

"नाव ठेयलंस काय पापलेट इकलंस गो?"

"नावच ठेयलंय," पाठ चोळत भक्ती म्हणाली. "आयक चेडवाचो आवाज. ही गिऱ्हाईक नाय, लिलाव पुकारूकच इली हा."