आबांची वही आणि कागलचा पडदा

ज्याने डोळे दिले आणि डोळ्यांपुढे पाहण्याजोगे जग मांडले, त्या पांडुरंगाच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. आमच्या करवीरनिवासिनी आईला वंदन करतो आणि मग बोलायला बसतो.

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आमच्या राजारामपुरीतल्या भजनी मंडळात दर गुरुवारी भैरवी संपते आणि खोबरे-साखरेचा प्रसाद हातावर पडतो, त्यामधल्या दहा मिनिटांत ते आपोआप साठतात. टाळांच्या पिशवीच्या तळाशी तुटके गोंडे साठतात ना, तसेच. फेकवत नाहीत आणि कशाला लावताही येत नाहीत. त्यातल्या एका वर्षाचे गोंडे आज सोडवतो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती ती. त्या वर्षी आमच्या मंडळाने कॉम्प्युटरसाठी पडदा शोधला.

भजनी मंडळाला कॉम्प्युटर कशाला, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. उत्तर एकच होते: आबा. हातकणंगल्याकडचे शेतकरी, मंडळाचे संस्थापक, वय ब्याऐंशी. नांगरामागे चालता चालता त्यांनी चाळीस वर्षे अभंग रचले आणि एका वहीत उतरवले. ती वही वाळवीने कडेकडेने खाल्ली होती. पुस्तक छापायचे ठरले, तेव्हा छापखान्यातून आलेल्या पहिल्याच पानात इतक्या चुका निघाल्या की आबांनी अट घातली. ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांनी वाचल्याबिगर एक अक्षर छापायचं न्हाय."

आता डोळे म्हणाल, तर एकाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलेले, की जे पाहायचे ते लवकर पाहून घ्या. कागदावरचे बारीक अक्षर त्यांना लागत नव्हते. कॉम्प्युटरवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, चूक पुसता येते, हे आमच्या सुनेने, वसुधेने, सांगितले. ती टायपिंग शिकलेली. त्या दिवसापासून मंडळाला दुसरा ध्यास उरला नाही.

*

मंडळातल्या एकाचे जावई पुण्याच्या कंपनीत होते. त्यांच्या ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर निघाला आणि त्यांनी तो आम्हाला एसटीने धाडला. खोके उघडायच्या आधीच आमच्या खजिनदारांनी, श्रीपतरावांनी, नारळ वाढवला. आमच्या कुटुंबाने निरांजन आणले. आम्ही सर्वांनी उभे राहून तालासुरात आरती म्हटली. मग खोके उघडले. आत एक लोखंडी डबा आणि एक अक्षरांची पाटी. पडदा नव्हताच! तो ऑफिसातच कधीतरी जळून गेला होता आणि हे कळवायचे जावई विसरले होते.

आबांनी डब्याभोवती एक फेरी मारली आणि श्रीपतरावांना सांगितले, "आरती झाली. आता द्येव आणा की."

*

मंडळाकडे गुरुवारच्या ताटात जमलेले तेवढेच. तेव्हा पहिला विचार अर्थातच फुकटाचा झाला. आमचे पखवाजवादक सिकंदरभाई यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान. वडिलांच्या वेळेपासून हा माणूस आमच्या मंडळाला ठेका देत आला. त्यांनी दुकानातला एक बेवारस टीव्ही आणला आणि दोन दिवस खटपट करून तो डब्याला जोडला.

अक्षरे आली, परंतु स्थिर राहीनात. 'विठ्ठल' लिहिले की ते डावीकडून उजवीकडे झुलत जायचे आणि परत यायचे. वसुधेला पाच मिनिटांत भोवळ आली. सिकंदरभाई खाली मान घालून स्क्रू पिळत होते. त्यांच्या पाठीवर हात ठेवून आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाई. अक्षरं नाचाय लागली, म्हंजे भजन चालू झालं. तू आपला पखवाज घे."

टीव्ही परत गेला. मात्र मंडळात टीव्ही आला ही वार्ता गल्लीत पसरली होती. पुढच्या रविवारी सकाळी, मालिकेतल्या देवांच्या दर्शनासाठी, आंघोळी करून सतरा बायका आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. त्यांना परत पाठवताना आमच्या कुटुंबाला सतरा कप चहा करावा लागला.

*

मग आम्ही बाजारात गेलो. श्रीपतरावांनी चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवलेले. निवृत्त झाले तरी खिशातली मोजपट्टी निवृत्त झाली नव्हती.

विक्रेत्याने प्रथम रंगीत मॉनिटर लावला. त्यावर पोपट, फुले, इंद्रधनुष्य. पावणं, जमाना रंगीत आहे, असे तो म्हणाला. श्रीपतरावांनी शांतपणे उत्तर दिले, की आमचे अभंग काळ्या शाईत लिहिलेले आहेत, पोपट ज्याच्या अभंगात असेल त्याला दाखवा. मग एकरंगी मॉनिटर निघाला. चौदा इंची, असे विक्रेता म्हणाला. श्रीपतरावांनी मोजपट्टी काढून रुंदी मोजली. दहा भरली. उंची मोजली. त्याहून कमी! विक्रेत्याने समजावले, की मॉनिटर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. तसा मोजला, तर तेराही भरेना. उरलेली काच चौकटीच्या आत दडलेली असते, असा खुलासा झाला.

श्रीपतरावांनी मोजपट्टीची गुंडाळी केली. "मी धोतार असं तिरकं मोजून दिलं असतं," ते म्हणाले, "आणि उरलेलं आत दडलंय म्हणालो असतो, तर गिऱ्हाइकानं मला त्याच धोतरात बांधून पंचगंगेत सोडला असता."

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. वाटेत त्यांनी सायकलची दोन चाके आणि एक दरवाजा तिरका मोजून पाहिला.

*

अखेरीस सिकंदरभाईंनाच खबर लागली. कागलला एक ऑफिस बंद झाले होते आणि तिथला बारा इंची, पिवळसर अक्षरांचा मॉनिटर स्वस्तात निघाला होता. भाई गेले, चालवून पाहिला आणि घेऊन निघाले. एसटीच्या टपावर टाकला तर काच फुटेल, म्हणून त्यांनी घरून नेलेल्या दुपट्यात तो चोहोबाजूंनी गुंडाळला आणि छातीशी धरून खिडकीपाशी बसले.

गाडी खच्चून भरलेली. शेजारी एक म्हातारी बसली. तिने बराच वेळ दुपट्याकडे पाहिले. पोर रडत कसे नाही, म्हणून चौकशी केली. भाईंना खरे सांगायला संकोच वाटला. ते म्हणाले, झोपलंय. तिने मग दुपट्यावरूनच हळूच हात फिरवला आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

"पावणं," ती म्हणाली, "डोस्कं लई मोठं हाय वो पोराचं."

भाई म्हणाले, "बापावर गेलंय."

उतरताना तिने त्या दुपट्यावरून बोटे ओवाळून आपल्या कानशिलावर मोडली. भाई आजही सांगतात, त्या मॉनिटरची काच कधी तडकली नाही, ती त्या माऊलीमुळे.

*

मॉनिटर आमच्या ओसरीत बसवायचा, इतपत सर्वांचे एकमत होते. तोंड कुठे करायचे, यावर दोन गुरुवार गेले. दक्षिणेकडे तोंड मी करू देईना. पूर्व ही उगवतीची दिशा. अभंगांचे तोंड पूर्वेलाच हवे, हा माझा आग्रह. मी शाळेतून निवृत्त झालेला, मंडळात मला 'गुरुजी' म्हणत, त्यामुळे माझे ऐकले गेले.

सकाळी आठ वाजता आबांना समोर बसवले. वसुधेने पहिला अभंग आणला. आबा पुढे झुकले, मागे सरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्यात मीच दिसतोय की."

दारातून आलेले कोवळे ऊन थेट काचेवर पडत होते. अक्षरे बुडून गेली होती आणि आबांचा पटका, मिशा व बुक्का तेवढे लख्ख दिसत होते. चूक माझी होती. परंतु चूक कबूल करण्याऐवजी मी निरूपणाला लागलो: आबा, हेच तर सर्व संतांचे सांगणे! ग्रंथात पाहता पाहता आपण आपल्यालाच पाहावे, पाहणारा आणि पाहणे एक व्हावे...

आबांनी ते सगळे हात जोडून ऐकले. मग म्हणाले, "ते खरंच हाय गुरुजी. पण मला अभंग बघायचाय."

मॉनिटरचे तोंड दक्षिणेला झाले. उंची कमी पडत होती, म्हणून आमच्या कुटुंबाने देवघरातला जादा पाट खाली दिला. आबांची मान सरळ राहिली आणि अक्षरे डोळ्यांसमोर आली.

*

पाट देवघरातला, म्हणून त्यावरची वस्तूही देवघरातली, असे आमच्या कुटुंबाने मनोमन ठरवून टाकले. खंडेनवमीला तिने मॉनिटरची यथासांग पूजा केली. काचेला हळदकुंकू, डोक्यावर झेंडूचा हार, वर अक्षता. मॉनिटरच्या डोक्यावर हवेसाठी बारीक खाचा असतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सायंकाळी वसुधेने तो सुरू केला आणि ओसरीभर खमंग वास सुटला.

सिकंदरभाई धावत आले. पाठीमागचे झाकण काढून त्यांनी चिमट्याने एकेक दाणा वेचला. काही दाणे तांबूस झाले होते. ते सगळे तळहातावर घेऊन ते आत गेले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "वहिनी, ह्यो द्येव लई भोळा हाय. जे घालाल ते भाजतोय."

*

आणि आता तो गुरुवार.

वसुधेने दोन महिने खपून सगळी वही आत उतरवली होती. दुसरा डोळाही मावळत चालल्याचे आबांच्या मुलाने आम्हाला हळूच सांगितले होते. आबांना अक्षर दिसेल की नाही, याची आम्हा प्रत्येकाला धाकधूक होती, आणि विचारायचे धैर्य एकालाही नव्हते. दुपारी तीनला आबा धुतलेला पटका बांधून आले, पडद्याला नमस्कार करून बसले आणि काचेवर बोट ठेवून वाचू लागले:

"जोंधळ्याच्या पाती, दंव झाले देव ।
आता कैसे भेव, उन्हाचे गे ॥"

आवाज खणखणीत होता. बोट ओळीखालून सरकत होते. एका पानावर एक अभंग. पान संपले, की ते थांबत, वसुधा बटण दाबी, पुढचे पान येई. श्रीपतरावांनी माझ्याकडे पाहिले. मी सिकंदरभाईंकडे पाहिले. परंतु हे तर त्यांचेच अभंग, पाठ असतील, अशी शंका आम्हा तिघांच्याही मनात एकदमच आली असावी.

एवढ्यात आबांचे बोट थांबले. "पोरी," ते म्हणाले, "हितं एक ओळ ऱ्हायली."

वसुधेने वही उघडून ताडून पाहिले. खरोखरच एक ओळ टाईप करायची राहिली होती. तिने ती घातली. आमचा जीव भांड्यात पडला. शंका घेतल्याबद्दल मी मनातल्या मनात कान धरले.

शेवटची दहाबारा पाने उरली असतील, तेव्हा वीज गेली.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. मध्यभागी एक ठिपका क्षणभर राहिला आणि तोही विझला. वसुधेच्या तोंडून शब्द निघायचा होता, तेवढ्यात सिकंदरभाईंनी तिला हाताने खूण केली.

आबा वाचतच होते.

बोट त्या काळ्या काचेवरून डावीकडून उजवीकडे जात होते, परत येत होते, एक ओळ खाली उतरत होते. मघाची राहिलेली ओळ त्यांनी अक्षरे वाचून पकडली होती, की ओळींच्या पुसट रेघा मोजून, कोण जाणे. पान संपले तिथे ते थांबले आणि म्हणाले, "पुढचं पान काढ की, पोरी."

वसुधेने माझ्याकडे पाहिले. मी मानेने होकार दिला. तिने बटण दाबले.

आबांनी पुढचे पान वाचले. मग त्याच्या पुढचे. ज्या जागी थांबायचे त्याच जागी थांबत, वसुधा बटण दाबेपर्यंत वाट पाहत, त्यांनी सारी पाने वाचून संपवली. मग चष्मा काढला, पटक्याच्या शेवाने डोळे टिपले आणि आमच्याकडे वळले.

"झालं," ते म्हणाले. "समदं माझ्या डोळ्यांनी वाचलं. आता छापा."

*

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पाहण्याजोगे काही असो आणि ते पाहणारे डोळे असोत. तुमच्या उंबऱ्याच्या आत अन्न, उजेड आणि नामाचा घोष यांपैकी कशाचीही कधी उणीव न पडो. म्हाताऱ्यांना ऐकणारे लाभोत, लेकीसुनांच्या हाताला यश लाभो, आणि सर्वांचे सर्व काळी कल्याण होवो.