थेट विचारणारी सुमनमावशी

सुमनमावशी साताऱ्याहून नेरूळला आमच्याकडे आली, की लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारायची, "तुमी कुणाकडचं?" आमच्या सोसायटीत शेजाऱ्याचं नावसुद्धा कुणी विचारत नाही. मला लाज वाटायची. पण आमचा मजला येईपर्यंत समोरचा माणूस आपल्या गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून मोकळा झालेला असायचा. हिला लोक इतकं कसं सांगतात, याचं मला भारी कुतूहल होतं.

माझ्या नववीनंतरच्या सुट्टीत ती आली, तेव्हा आई-बाबांचं बोलणं बंद होतं. आईला बढतीवर नाशिकला जायचं होतं; बाबा म्हणत होते, पोरीच्या दहावीत नाही. निरोप मी पोचवायचे. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." दोघंही एकाच हॉलमध्ये!

एका दुपारी आई म्हणाली, "बाबांना विचार, भात हवा का." मी तोंड उघडणार, तोच मावशीनं माझा हात धरला.

"तू जेव. ताई, दाजी हितंच हायेत की. तूच इचार."

आईनं भाताचं भांडं खाली ठेवलं. मावशीनं बाबांकडे पाहिलं.

"दाजी, ताई गेली तर तुमाला भ्या कशाचं वाटतंय?"

"भीती कसली? हिची दहावी आहे!"

"मग हिला इचारलंसा का?" ती माझ्याकडे वळली. "पोरी, तुला काय वाटतंय?"

तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. "आईनं जावं," मी म्हटलं. "मी राहीन बाबांजवळ. पण तुमचे निरोप आता मी नाही सांगणार."

आई रडू लागली. बाबा ताटावरून उठून बाल्कनीत गेले.

"आता काय होईल, मावशी?" मी हळूच विचारलं.

"मला तरी काय ठावं?" ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तिकडे रमलीस, की परत यावंसं वाटणार नाही तुला. म्हणून नको म्हणत होतो." आईनं गॅस बंद केला. मावशीनं मला बाहेर ओढलं.

जूनमध्ये आई नाशिकला गेली. दिवाळीच्या आधी मावशी अचानक वारली. साताऱ्याहून घरी फोन आला तेव्हा आई नाशिकला एकटी होती. बाबांनी तिला लगेच फोन लावला. "तू एकटी निघू नकोस. आम्ही येतोय."

नेरूळहून नाशिक साताऱ्याच्या अगदी उलट्या दिशेला. बाबांनी गाडी आधी नाशिककडेच काढली.