माय आणि संस्थानांचं कपाट

वडील गेल्यावर मी आईला अमरावतीला माझ्याकडे घेऊन आले. अकोल्याबाहेर आमची भाजीची वाडी होती. आईचा सगळा जन्म वांग्या-पालकाच्या वाफ्यांत गेला. शाळा फक्त चौथीपर्यंत. इथे दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तिला करायला काही उरलंच नाही. आठव्या दिवशी म्हणाली, "मले काहून कोंडून ठेवलं वं?"

मी तिला जवळच्या वाचनालयाचं सभासद केलं. वाटलं, पोथ्या-पुराणं वाचेल. तिनं मागच्या खोलीतलं एक कपाट धरलं. जुन्या संस्थानांची पुस्तकं होती त्यात. राजांची चरित्रं, दरबाराच्या हकिगती, कारभाराचे अहवाल. पानं पिवळी, कोपरे झडलेले. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत ती रोज वाचायची.

राजांच्या हत्ती-हिऱ्यांशी तिला देणंघेणं नव्हतं. "शिकारीवर बारा पानं लिवले अन् तलावावर दोन वळी!" असं म्हणून चिडायची. मग तिनं एक वही सुरू केली. कुणी विहिरी खणल्या, कुणी पोरींसाठी शाळा काढली, दुष्काळात कुणी धान्याची कोठारं उघडली आणि कुणी तेव्हाच नवा महाल बांधायला घेतला, हे सगळं तिनं मोठ्या, ढोबळ अक्षरात उतरवलं. राजांची बिरुदं मात्र गाळली. "अर्धं पान नावातच जाते," म्हणाली.

दोनेक वर्षांनी ग्रंथपालांनी तिला सांगितलं की ते कपाट आता रद्दीत काढायचं ठरतंय, रविवारी सकाळी कमिटीची बैठक आहे. आई वही घेऊन निघाली. मी सोबत गेले, पण खरं सांगायचं तर मनातून लाजत होते. कॉलेजात मी इतिहास शिकवते, ओळखीची माणसं तिथे बसणार होती.

अध्यक्ष निवृत्त वकील. नम्रपणे म्हणाले, "आजी, ते कपाट कोणी उघडत नाही हो."

"मी उघडते ना."

कुणीतरी हसलं. वकीलसाहेबांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातलं एक जाडजूड चरित्र उचललं. "बरं, यात काय आहे सांगा."

आईनं पुस्तक हातातही घेतलं नाही. "राजा भला मानूस होता. पन लिवनारा त्याचाच नोकर. म्हनून राजाची चूक कोठीच सापडत नाही. खालच्या खनात त्याच राज्याचा अहवाल हाये. त्यात लिवलं हाये का लोकं वेठीले कंटाळून गाव सोडून गेले. दोन्ही संगं ठेवा. एक फेकलं तर दुसरं खोटं बोलते."

ग्रंथपाल उठून अहवाल घेऊन आले. आईनं वहीतून पान सांगितलं, वकीलसाहेबांनी ते काढून मोठ्यानं वाचलं. तसंच होतं.

एवढी वर्षं मी मुलांना पुराव्यांची पारख कशी करायची ते शिकवत आले. ते इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. माझी मान आपोआप ताठ झाली. शेजारच्या बाईंना मी न विचारताच सांगितलं, "माझी आई आहे."

कपाट राहिलं. पुस्तकांना नवी बांधणी झाली. पुढच्या हिवाळ्यात पुण्याची एक संशोधक मुलगी त्याच पुस्तकांसाठी आली आणि आठवडाभर आईजवळ वही उघडून बसली. आईचं रोखठोक बोलणं ऐकून आधी बिचकायची, मग हसायला लागली. एकदा तिनं विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या संस्थानातल्या?"

"आमी कोन्याच राजाचे नाही. वऱ्हाड कागदावर निजामाचं अन् कारभार इंग्रजाचा. म्हनून तर बाकीच्यायचे राजे निवांत वाचता येते."

या वर्षी कमिटीनं तिला सदस्य होण्याची विनंती केली. पत्र घेऊन ग्रंथपाल स्वतः घरी आले. आईनं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "येईन. पन मीटिंग दुपारची ठेवा म्हना. सकाळी मी वाचून राहते."

आता मीटिंग दुपारी चारला असते.