कापसाचे बोळे

आमची ताई दातांची डॉक्टर. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. पेशंट बिचारा आ वासून पडलेला, अडवणार कोण? मी तिच्याच दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, त्यामुळे सगळं माझ्या कानांवर.

पन्नाशीला टेकल्यावर बाईंनी सर्जनशील लेखनाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. "या वयात?" मी विचारलं. "मग काय, कवळी बसल्यावर घेऊ?" ती म्हणाली.

तिथे प्रत्येकाच्या कथेवर सगळा वर्ग चर्चा करायचा, आणि एक नियम होता. ज्याची कथा, त्याने चर्चा संपेपर्यंत गप्प बसायचं. आता बोला! पहिल्या कथेला कोणी तोंड उघडायच्या आत हिचं सुरू, "अहो तसं नाही ते, थांबा, मी सांगते." दुसऱ्या कथेलाही तेच. सरांनी कपाळाला हात लावला. "डॉक्टर, पुस्तक छापल्यावर समजवायला घरोघरी जाणार का? शेवटच्या कथेला एक शब्द जरी बोललात, तर ती गुणांत धरणार नाही." म्हणजे पदवी गेली, दोन वर्षं पाण्यात. ताईची झोप उडाली.

शेवटच्या दिवशी घरच्यांना बसायची परवानगी होती, म्हणून मीही गेले. दारातच ताईने पेशंटच्या गालात ठेवतात ते कापसाचे बोळे काढले आणि स्वतःच्या दोन्ही गालांत कोंबले. मी हसू कसंबसं आवरलं.

कथा आमच्या बाबांवर होती, सगळे घरून वाचून आले होते. एकजण म्हणाला, "बाप फार कोरडा आहे. मुलीशी धड बोलतसुद्धा नाही." ताई लालबुंद. मी तिचं कोपर घट्ट धरलं. खरं सांगू? मलाही बाबा तसेच वाटायचे. ते गेले तरी माझ्या मनातली अढी गेली नव्हती.

मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "पण तो रोज सकाळी तिच्या सायकलीत हवा भरतो, आणि सायकल रस्त्याकडे तोंड करून ठेवतो ना? तिने नुसतं बसावं आणि निघावं म्हणून."

ताईचे डोळे भरून आले. आणि मला माझी सायकल आठवली. शाळेची सगळी वर्षं ती तशीच उभी असायची. कोण ठेवतं, हे मी कधी विचारलंच नाही.

"अगं, माझीपण ठेवायचे!" मी ताडकन उभी राहून ओरडले. "बाबा माझीपण ठेवायचे!"

सगळे माझ्याकडे वळले. सर हसत म्हणाले, "लेखिका गप्प आहे. कथा धरली."

ताईने डोळे पुसले, पर्समधून एक कोरा बोळा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.