निसटलेली चप्पल

ज्या बाईंचं नावही मी कधी विचारलं नाही, त्यांच्याविषयी लिहायला बसलोय. चुकलं तर माफ करा.

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. म्हणून आबांच्या हृदयाच्या गोळ्या आणायला दर महिन्याला सरकारी दवाखान्यात मीच जातो. त्या बाई उचगावहून नवऱ्याच्या मधुमेहाच्या गोळ्या न्यायला यायच्या. खिडकीजवळच्या बाकावर, मांडीवर निळी फाइल घेऊन बसायच्या. कोवळं ऊन सरकत त्यांच्या पायांवर यायचं आणि त्या अर्धवट झोपेत हसायच्या. तेवढा वेळ सगळी रांगच पेंगते आहे, असं मला वाटायचं.

एकदा त्या उठून चालू लागल्या आणि डाव्या पायातली चप्पल मागंच राहिली. मी ती नेऊन दिली.

“अगं बया! पायातनं गेल्याली कळलंच न्हाय की, पावणं.”

“मावशी, तुम्हालाही साखर आहे का?”

“हाय की. त्यांची अन् माझी एकदमच निघाली. पण त्यांस्नी काळजाचं दुखणं. आधी त्यांचं हुंदे, माझं बघतो निवांत.”

साखरेच्या माणसानं बधिर पाय लगेच दाखवावा, हे मी वाचलं होतं. पण मोठ्या माणसाला आपण काय सांगायचं, म्हणून रांगेत माझ्या जागी परत गेलो.

नंतर कितीतरी महिने त्या दिसल्या नाहीत. परवा त्याच बाकावर तीच निळी फाइल घेऊन एक आजोबा बसले होते, अगदी ठणठणीत. मी मावशींची चौकशी केली.

“डावा पाय काढला तिचा,” ते म्हणाले.

त्यांनी उघडलेल्या फाइलमध्ये मावशींचा केसपेपर आता सगळ्यात वर होता.