मिस्त्रींचा पाट

बदलापुरात, बेलवलीच्या घरातला चांगला बैठा संडास फोडून मी कमोड बसवून घेतला, हा माझा सर्वांत मोठा मूर्खपणा. पाहुण्यांना चहाआधी तो दाखवायचे, एवढी मी शहाणी!

बसवणारे मिस्त्री कधी खुर्चीला टेकले नाहीत. चहा, विडी, मापं घेणं, सगळं उकिडवं बसून. तसंच बसून, सासूबाईंकडे बघत म्हणाले, “काय हाय ना वहिनी, म्हातारीला ह्याच्यावर जोर करता येणार नाय. पोट साफ व्हायला गुडघे वर पायजेत.”

“मिस्त्री, डॉक्टर कधी झालात?” मी हसले. ते सिमेंट कालवत राहिले.

कमोडवर सासूबाईंचे पाय जमिनीला टेकेनात. तासभर बसून कुंथायच्या आणि तशाच बाहेर यायच्या. पुन्हा जायला नको म्हणून त्यांनी जेवणच कमी केलं. मला ते नखरे वाटले. वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं.

ते ऐकून मिस्त्री न बोलावता आले. पायांखाली ठेवायला स्वतः केलेला उंच पाट काखेत होता. त्यांनी सासूबाईंकडे एकदाच पाहिलं, पाट माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच उभ्याउभ्या बोलले, “काय हाय ना वहिनी, तुमाला हौस होती. मला तर माहीत होतं, तरी मी बसवला.”